साध्या प्रॉडक्ट मॅनेजरला न्याय्य, माणूसकेंद्री डिझाइनकडे वळता येतं का?

कोरी_पाटी: पाच वर्षं प्रॉडक्ट मॅनेजर आहे. रोजचं काम म्हणजे साइनअप वाढवायचे, मधेच सोडून जाणाऱ्यांची गळती कमी करायची. ज्यांना तंत्रज्ञान दाराबाहेरच ठेवतं त्यांच्यासाठी काम करावंसं वाटतं. पण डिझाइनची पदवी नाही, सामाजिक कामाचा अनुभव नाही. पुन्हा शिकायला जाऊ का?

दुपारची_पाळी: अकरा वर्षं या कामात आहे. पहिली चार तुमच्यासारखीच गळतीचे आलेख बघण्यात गेली. आमच्या ऑनलाइन अर्जाची वेळ तीन मिनिटांत संपायची आणि आलेखात नोंद व्हायची, 'अर्ज अर्धवट सोडला'. आम्ही आपले बटणांचे रंग बदलत बसलो.

मग एकदा एका अंध बाईंच्या शेजारी बसले. इअरफोनचं एक टोक त्यांच्या कानात, दुसरं माझ्या. स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, म्हणत होता, "बटण. बटण. बटण." आयकॉनना आम्ही लेबलंच दिली नव्हती. प्रत्येक ठिकाणी थांबून त्या अंदाज बांधत होत्या. चौथ्या रकान्यापर्यंत पोचल्या, तेवढ्यात वेळ संपली आणि भरलेलं सगळं गेलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "मुलगा आला की भरून देतो." बाहेर आम्ही काढलं, नोंद मात्र त्यांच्या नावावर. वेळ संपण्याआधी सूचना द्या, ती वाढवून घ्यायला किमान २० सेकंद द्या, हा मार्ग डब्ल्यूसीएजीच्या, म्हणजे वेबसाइट अपंगांनाही वापरता याव्यात यासाठीच्या आंतरराष्ट्रीय निकषांत २००८ पासून लिहिलेला आहे. मी तो वाचलाच नव्हता.

पदवीपेक्षा मोठी गोष्ट तुमच्या हातात आधीच आहे. काय मोजायचं हे तुम्ही ठरवता. २०१९ मध्ये 'सायन्स' या संशोधनपत्रिकेत एक अभ्यास आला होता. अमेरिकेतली एक प्रणाली कोणत्या रुग्णाला जादा देखभाल द्यायची हे सुचवायची, पण आजाराऐवजी उपचारांचा खर्च मोजायची. गोऱ्या रुग्णांइतक्याच आजारी कृष्णवर्णीय रुग्णांवर खर्च कमी होत असे, म्हणून ते मागे पडत. हा दोष काढला तर जादा मदत मिळणाऱ्यांत त्यांचं प्रमाण १७.७ वरून ४६.५ टक्क्यांवर जातं, असं अभ्यासकांनी दाखवलं. वंशाची माहिती प्रणालीला दिलेलीच नव्हती! 'खर्च मोजू' हे कुठल्यातरी बैठकीत ठरलं असणार, आणि अशा बैठकीत आपणच बसलेलो असतो.

तेव्हा नोकरी लगेच सोडू नका. गळतीतल्या पाच जणांच्या शेजारी जाऊन बसा, सोबत इंजिनिअरला न्या. पुढे मुलाखतीत हेच सांगता येतं.

सावकाश_टाइप: माझे हात थरथरतात, त्यामुळे चाचण्यांना मला बरेचदा बोलावतात. पण बोलावतात ते रिलीजच्या आदल्या आठवड्यात. बटणं इतकी चिकटून असतात की शेजारचंच दाबलं जातं. तसं सांगितलं की उत्तर मिळतं, "पुढच्या व्हर्जनमध्ये बघू." डब्ल्यूसीएजी २.२ आलं २०२३ मध्ये, त्यात बटणाचा किमान आकार २४ बाय २४ पिक्सेल दिलाय. तेवढाही पाळत नाहीत. आम्हाला पहिल्या स्केचच्या वेळी बोलवा. आणि मानधन द्या, आमचाही दिवस जातो.

कोरी_पाटी: आत्ताच बघितलं, आमच्या ओटीपीला ३० सेकंद आहेत. तीसच का, टीममध्ये कुणालाच सांगता येईना. ताई, त्या बाई तुम्हाला भेटल्या कशा?

दुपारची_पाळी: त्यांनी तक्रारीचा मेल पाठवला होता. आठ महिने उत्तराविना पडून होता. तुमच्याकडचे जुने मेल उघडा.