हेवी लायसन्सला खरंच किती दिवस लागतात? भावासाठी विचारतेय

भुईंजची ताई

नमस्कार. माझा धाकटा भाऊ १९ वर्षं ८ महिन्यांचा आहे. कारचं पक्कं लायसन्स मिळून सात महिने झाले, हात चांगला बसलाय. आमच्या मामांचा दहा चाकी ट्रक आहे. त्यांचा जुना ड्रायव्हर गावी निघून गेला, गाडी दारात उभी आहे आणि हप्ता चालूच आहे. मामा म्हणतात, पोराला बसवतो. एका एजंटाने "१५ दिवसांत हेवी करून देतो" म्हणून सांगितलंय, पैसेही बरेच मागतोय. भाऊ हुरळून गेलाय. मला मात्र रात्री झोप लागत नाही. नियमाने किती दिवस लागतात आणि लायसन्स हातात आलं की लगेच लांबच्या ट्रिपला पाठवावं का, कुणी नीट सांगेल का? तो दहावी नापास आहे, त्याची काही अडचण येईल का?

पिकअपवाला

एवढं टेन्शन घेऊ नका. कारचं लायसन्स आहे ना, मग आजपासून पिकअप चालवू दे. कोर्टानेच परवानगी दिली आहे. हेवीचं बघता येईल नंतर.

लोणंदचा जुना ड्रायव्हर

ताई, मी १९८९ला क्लीनर म्हणून गाडीवर चढलो, १९९२ला स्टिअरिंग हातात आलं आणि २०२३ला गुडघ्यांनी जवाब दिला म्हणून उतरलो. तुमच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं वेगवेगळी आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी कागदाचं. मालवाहू गाडी चालवायला वय २० पूर्ण लागतं. शिवाय हेवीचं शिकाऊ लायसन्स काढायच्या आधी कारचं पक्कं लायसन्स एक वर्ष जुनं असावं लागतं. वर्ष पक्क्या लायसन्सच्या तारखेपासून मोजतात, शिकाऊच्या नाही. तुमच्या भावाचं वय चार महिन्यांनी पूर्ण होईल, पण वर्ष भरायला पाच महिने आहेत. तेव्हा शिकाऊ निघेल. त्यानंतर ३० दिवस गेल्याशिवाय पक्क्याची टेस्ट देता येत नाही, आणि शिकाऊ सहा महिनेच चालतं. त्या महिन्यात ड्रायव्हिंग स्कूलला जायचं, त्यांचा फॉर्म पाच, म्हणजे शिकल्याचा दाखला, घ्यायचा, डॉक्टरचा दाखला जोडायचा. सरकारमान्य प्रशिक्षण केंद्रात गेला तर हेवीचा कोर्स ३८ तासांचा, सहा आठवड्यांत पुरा होतो आणि तिथला दाखला असला की आरटीओची चालवायची टेस्ट माफ. म्हणजे आजपासून धरलं तर सहा ते सात महिने. दहावीची अडचण नाही. पूर्वी आठवी पास लागायचं, २०१९ला ती अटही काढली.

आता तो एजंट. तुमच्या भावाचं वर्षच भरलेलं नाही, वयही नाही, तर १५ दिवसांत तो देणार काय? एक तर पैसे घेऊन फिरवत राहील, नाहीतर खोटा कागद देईल. उद्या गाडीने कुणाला उडवलं तर तो खोटा कागद पहिला बाहेर येईल. विमा कंपनी समोरच्याला पैसे देईल आणि मामांकडून वसूल करायला येईल. ट्रक जाईल, घरही जाईल. मामांना हे माझ्या शब्दांत सांगा.

वर पिकअपवाल्या भावांनी लिहिलंय ते अर्धं खरं आहे. सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२४मध्ये सांगितलं की कारच्या लायसन्सवर मालासकट ७५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते. पण वीस वर्षांची अट तिथेही आहेच. चार महिने थांबा, मग पिकअप, छोटा हत्ती खुशाल चालवू दे. उलट चालवावाच. पाठीमागे माल असला की ब्रेक किती उशिरा लागतो हे कारमध्ये कधीच कळत नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न. माझ्या मते तोच खरा आहे.

लायसन्स हातात आल्यावर मी कुणाच्याही पोराला सहा महिने तरी एकट्याने सोडणार नाही. माझे वस्ताद मला लोणंदहून कांदा भरून वाशीला न्यायचे. तेव्हा एक्सप्रेसवे नव्हता, खंडाळ्याचा घाट जुन्या रस्त्याने उतरायचा. घाट सुरू व्हायच्या आधी ते गाडी बाजूला घ्यायचे आणि मला टामी, म्हणजे लोखंडी दांडा, देऊन सगळे टायर ठोकायला लावायचे. चांगला टायर टण्ण वाजतो, हवा कमी असली की भद्द आवाज येतो. मग उतरायला लागायचे ते ज्या गिअरमध्ये चढलो असतो त्याच गिअरमध्ये. खोपोलीला खाली आलो की परत थांबायचं. मला म्हणायचे, "ब्रेकच्या ड्रमवर पाणी टाक." चर्र करून वाफ आली तर त्या दिवशी वस्तादांचा चेहरा पडायचा, म्हणजे त्यांच्याकडून ब्रेक जास्त वापरला गेला होता. वीस वर्षं चालवलेला माणूस, पण ड्रम रोज तपासायचा.

मी मात्र १९९४ला तो धडा विसरलो. खंबाटकीचा घाट उतरत होतो, वेळे गावाच्या बाजूला. डिझेल वाचेल म्हणून न्यूट्रल केलं. दोन वळणं बरी गेली. तिसऱ्या वळणाला ब्रेकवरचा पाय खालपर्यंत गेला आणि गाडी जशी होती तशीच. गिअर टाकायला गेलो तर खरखर आवाज करून बाहेर आला. मी गाडी डोंगराच्या अंगाला घासली. दरीकडे वळली असती तर आज हे लिहायला मी नसतो. रस्ताभर कांदा सांडला. क्लीनर सतरा वर्षांचा पोरगा होता, त्याचा उजवा हात कोपरातून मोडला. तो हात पुन्हा पूर्ण सरळ झाला नाही. ते पोरगं आता चाळिशी ओलांडलेलं आहे, अजून भेटतं आणि मला दादा म्हणतं.

पुण्यात नवले पुलाच्या उतारावर आजही तेच चाललंय. कात्रजचा नवा बोगदा सोडला की गाडी न्यूट्रल, आणि खाली माणसं. मी बातमी वाचतो तेव्हा मला माझा पाय आठवतो, खालपर्यंत गेलेला.

भाऊ हुशार असेल, नाही म्हणत नाही. पण कारचा हात आणि ट्रकचा हात यात फार फरक आहे. शिकाऊ लायसन्सवर शेजारी हेवीवाला अनुभवी माणूस बसलाच पाहिजे, तो कायदाही आहे. त्या माणसाला आधी शोधा.

चाकणचा गाडीमालक

काकांनी लिहिलंय त्यात एक अक्षर कमी करायचं नाही. माझ्या सहा गाड्या आहेत. नवीन लायसन्सवाला आला की मी त्याला यार्डात फक्त रिव्हर्स मारायला सांगतो, एक शब्द बोलत नाही. जो आधी खाली उतरून मागे काय आहे ते बघून येतो, त्याला ठेवतो. मग तीन महिने जुन्या ड्रायव्हरबरोबर. पुढे टँकर चालवायचा विचार असेल तर ज्वालाग्राही मालासाठी तीन दिवसांचं वेगळं प्रशिक्षण आणि लायसन्सवर तशी नोंद लागते. ते आत्ता डोक्यात घेऊ नका.

भुईंजची ताई

काका, तुमचं लिहिलेलं काल रात्री मामांना मोठ्याने वाचून दाखवलं. एजंटाला नाही सांगितलं. भाऊ चिडलाय, जेवला नाही. पण मामा म्हणाले, सात महिने गाडी भाड्याने चालवायला देऊ. तोपर्यंत भाऊ काय करेल? नुसता बसला तर पुन्हा कुणाच्या तरी नादी लागेल.

लोणंदचा जुना ड्रायव्हर

बसू देऊ नका. ज्याला गाडी भाड्याने द्याल त्याच्याबरोबर क्लीनर म्हणून पाठवा, मामांचीच गाडी आहे, नाही म्हणणार नाही. फक्त स्टिअरिंगला हात लावायचा नाही. ताडपत्री बांधू दे, दोर आवळू दे, टायर ठोकू दे, मागे उभं राहून "येऊ दे, येऊ दे" म्हणत गाडी लावू दे. सकाळी इंजिन चालू केल्यावर ब्रेकच्या हवेचा काटा वर येईपर्यंत गाडी हलवायची नाही, ते त्याने रोज बघावं. वाटेत कुठे काय शिकला ते वहीत लिहू दे.

आणि पहिल्या ट्रिपच्या आधी त्याला लोणंदला घेऊन या. माझ्याकडे ती जुनी टामी आहे, त्याला देईन.