मदत हवी आहे: बाबांसाठी समुपदेशक सुचवा

अबोली
बाबांचं ऐकणं गेलंय. मशीन घेतलं, ते ड्रॉवरमध्ये पडून आहे. भजनी मंडळ सोडलं, लग्नाकार्याला येत नाहीत, फोन वाजला की आईकडे सरकवतात. काल म्हणाले, "तुम्ही मला हसता." कुणीही हसलेलं नाही! समुपदेशकाकडे न्यायचंय, पण त्यांचं बोलणंच ऐकू आलं नाही तर? लवकर सांगा, घरात रोज वाद होताहेत.

जोशीकाका
वय? गाव? एक कान की दोन्ही? अचानक गेलं असेल तर आजच कान-नाक-घसावाले गाठा. दिवस गेले की औषध लागू पडणं कठीण.

अबोली
७१. ठाणे. दोन्ही, हळूहळू.

रानमेवा
कोमट तिळाचं तेल घाला. आमची आजी शेवटपर्यंत ऐकत होती.

खडूस
नस कमजोर झाल्यावर तेल काय करणार? कानात काहीही ओतू नका.

रानमेवा
बरोबर, मशीनवाल्यांचा धंदा बसेल ना.

मिहीर
मी स्वतः मशीन लावतो. वयामुळे आधी बारीक, उंच आवाज जातात, स-श वगैरे. माणूस बोलतोय हे कळतं, काय बोलतोय ते नाही. अशात चौघं हसले की आपल्यालाच हसले वाटतं. बाबा खोटं बोलत नाहीयेत. मशीन कुणी सेट केलं? ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा आलेख, आहे?

अबोली
ऑनलाइन मागवलं होतं. ऑडिओग्राम नाही काढला.

मिहीर
अहो, हे पहिल्यांदा सांगायचं! असं मशीन भांड्यांचा खणखणाटही वाढवतं. ड्रॉवरमध्येच जाणार ते. नीट बसवलेल्यालाही सरावायला काही आठवडे लागतात.

आरती
वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग ही वाचा-श्रवण संस्था आहे, केंद्र सरकारची. १९८३ पासून. तपासणी आणि समुपदेशन एकाच ठिकाणी. शिवाय टेली-मानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६, फुकट, मराठीत.

खडूस
ऐकू न येणाऱ्याला फोन नंबर. धन्य!

आरती
तो अबोलीसाठी दिलाय. तिचीही दमछाक होतेय, दिसत नाही का?

बंड्या
यूडीआयडी कार्ड (अपंगत्वाचं ओळखपत्र) काढा. रेल्वेत सवलत मिळते का, कुणाला माहीत आहे?

मिहीर
बंड्या, वेगळा धागा काढ. अबोली, समुपदेशक कुणीही असो, आधी सांगून ठेवा: पंखा बंद, उजेड समुपदेशकाच्या तोंडावर, समोर बसून सावकाश बोलायचं. ओरडायचं नाही, ओरडल्याने शब्द आणखी फाटतात. मोबाइलवर लाइव्ह ट्रान्स्क्राइब ॲप लावा, बोललेलं मराठी लिहून दाखवतं. चुका करतं, पण चालतं.

अबोली
तुमचं हे सगळं बाबांना वाचायला दिलं. वांद्र्याला येतो म्हणाले, पण आई बरोबर नको. का, ते सांगत नाहीत. शनिवारी चालू असतं का तिथे?