गर्भाच्या मेंदूत ‘व्हेन ऑफ गॅलन’ची विकृती : प्रसूती कोठे करावी?

प्रश्न (सातारा)
माझ्या धाकट्या बहिणीला ३२वा आठवडा चालू आहे. गेल्या मंगळवारी सोनोग्राफीत बाळाच्या मेंदूच्या मध्यभागी एक काळी पोकळी दिसली आणि डॉक्टरांनी रक्तप्रवाह दाखवणारे कलर डॉप्लर लावताच ती लाल-निळ्या रंगांनी भरून गेली. अहवालात ‘व्हेन ऑफ गॅलन मालफॉर्मेशन’, म्हणजे मेंदूच्या मध्यभागातील मोठ्या शिरेची विकृती, असे लिहिले आहे. तिच्या सासूबाई ग्रहण न पाळल्याचा दोष तिच्यावर ठेवत आहेत, त्यामुळे ती खचली आहे. मेंदूला इजा झाली आहे का, हे जन्माआधी कळते का? नाव नोंदवलेल्या येथील दवाखान्यातच बाळंतपण करावे का? कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर (सांगली)
ताई, माझ्या मुलाला हाच दोष होता. ही विकृती गर्भाच्या साधारण ६ ते ११ आठवड्यांत घडते; ग्रहणाचा तिच्याशी काहीही संबंध नाही, हे सासूबाईंना डॉक्टरांच्या तोंडूनच ऐकवा.

यात धमन्यांतील रक्त केशवाहिन्यांत न जाता थेट शिरेत शिरते. पोटात असेपर्यंत वारेतील रक्ताभिसरणामुळे हृदयावरचा ताण बराचसा सावरला जातो. नाळ कापली की तो आधार जातो आणि सगळा भार हृदयावर येतो. आमचे बाळ जन्मताच रडले, दूधही प्यायले, आणि संध्याकाळी प्रत्येक श्वासाला त्याच्या बरगड्या आत ओढल्या जाऊ लागल्या. गावातल्या दवाखान्यात व्हेंटिलेटर नव्हता. रात्री रुग्णवाहिकेतून पुणे गाठेपर्यंत मी त्याचा पाय हातात धरून बसलो होतो. तो प्रवास त्याने आईच्या पोटात असतानाच करायला हवा होता, ही खंत मला आजही आहे. म्हणून नवजात अतिदक्षता विभाग, बालहृदयरोगतज्ज्ञ आणि कॅथेटरने (बारीक नळीने) मेंदूतील रक्तवाहिन्या बंद करणारे तज्ज्ञ एकाच ठिकाणी असतील, अशा पुण्या-मुंबईच्या रुग्णालयात आताच नाव घाला.

उत्तर (मिरज, नवजात विभागातील निवृत्त परिचारिका)
इजेबद्दल सांगते. रक्त दुसरीकडे वळल्याने मेंदूच्या पेशींना प्राणवायू कमी पडतो आणि शिरांतील दाब वाढतो. गर्भाचा एमआरआय करून मेंदूचा पांढरा भाग झिजला आहे का, पोकळ्या फुगल्या आहेत का, हे पाहता येते. सोबत गर्भाच्या हृदयाचा इकोही करून घ्या. मेंदूची मोठी हानी आधीच झाली असेल, तर उपचाराने ती भरून निघत नाही, हे कठोर असले तरी आधी जाणून घेतलेले बरे.

जन्मानंतर हृदय, मेंदू, श्वसन, यकृत आणि मूत्रपिंड यांवरून २१ पैकी गुण देतात; गुण जितके जास्त तितकी बाळाची प्रकृती बरी. ८ ते १२ गुण असतील तर तातडीने एम्बोलायझेशन, म्हणजे कॅथेटरने त्या रक्तवाहिन्या बंद करण्याची प्रक्रिया, करतात. १२ हून अधिक असतील तर बाळ साधारण पाच महिन्यांचे होईपर्यंत औषधांवर थांबता येते. ८ पेक्षा कमी गुणांना सहसा ही प्रक्रिया करत नाहीत. डोक्यात पाणी वाढले म्हणून कोणी लगेच शंट (पाणी काढून देणारी नळी) घालू म्हणाले, तर आधी एम्बोलायझेशन करणाऱ्या तज्ज्ञांना विचारा.

प्रश्नकर्ती
आपल्या दोघांची आभारी आहे. २०२३ मध्ये बोस्टनला गर्भातच यावर उपचार झाल्याचे वाचले. तसे येथे शक्य आहे का?

उत्तर (सांगली)
त्या आशेवर दिवस घालवू नका. एमआरआयचा केवळ अहवाल न घेता चित्रांची सीडीही मागून घ्या. पुण्याचे डॉक्टर आधी तीच पाहतात.