शब्दचर्चा: 'कॉम्पिटन्सी' म्हणजे क्षमता, पात्रता की आणखी काही?

अनुवादिनी: विमान देखभाल अभियंत्यांच्या, म्हणजे एएमईंच्या, प्रशिक्षणावरचा मजकूर मराठीत करायचा आहे. 'कॉम्पिटन्सी बेस्ड ट्रेनिंग अँड असेसमेंट'साठी 'क्षमताधिष्ठित प्रशिक्षण व मूल्यमापन' असं लिहिलंय. अडचण अशी की त्याच पानावर इंधनटाकीची क्षमता आहे, जॅकची क्षमता आहे आणि आता माणसाचीही. 'सक्षमता', 'पात्रता', 'प्रावीण्य' यांपैकी काय बसेल?

पक्कड: 'पात्रता' आधी बाद करा. त्या शब्दाला या क्षेत्रात वेगळं काम आहे. कार-६६ (एएमई परवान्याची भारतातली नियमावली) च्या मोड्युलच्या, म्हणजे एकेका विषयाच्या, परीक्षेत तीन पर्यायांचे प्रश्न, प्रत्येकाला सरासरी ७५ सेकंद, उत्तीर्ण व्हायला ७५ टक्के. बी१.१ चा, म्हणजे टर्बाइन इंजिनाच्या विमानांचा, मान्यताप्राप्त मूळ अभ्यासक्रम २४०० तासांचा. हे सगळं जमलं, अनुभव भरला की परवाना मिळतो. ही झाली पात्रता. आता ७५ टक्क्यांतली मेख बघा: चुकलेले २५ टक्के कोणते, हे निकालपत्र सांगत नाही. कॉम्पिटन्सीच्या पद्धतीत सरासरी काढून सुटका नाही. कागदपत्र उत्तम, पण हत्यारांची मोजदाद कच्ची, असा उमेदवार तिथेच अडतो.

शिवाय नुसत्या परवान्यावर विमान सेवेत सोडण्याची सही करता येत नाही. देखभाल संस्थेचा प्राधिकार लागतो, आणि मागच्या २ वर्षांत किमान ६ महिने प्रत्यक्ष कामाचा अनुभव लागतो. म्हणजे पात्रता, प्राधिकार, कॉम्पिटन्सी असे तीन शब्द हवेत. एकाने भागवलंत तर वाचणारा गोंधळणार.

रात्रपाळी: 'प्रावीण्य' आणि 'कौशल्य' हेही नकोत. आयकाओच्या (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना) व्याख्येत ज्ञान, कौशल्य आणि वृत्ती हे तिन्ही एकत्र वापरून ठरलेल्या परिस्थितीत काम पार पाडणं आहे, आणि ते वागण्यातून दिसलं पाहिजे. कौशल्य हा त्यातला एक तुकडा.

उदाहरण वायर लॉकिंगचं घ्या, म्हणजे बोल्ट सैल होऊ नयेत म्हणून ते वायरीने बांधणं. दोन बोल्ट, ०.०३२ इंची वायर, दर इंचाला ६ ते ८ पीळ, शेवटी छोटी शेपटी आत वळवलेली. सुबक पीळ घालता येणं हे कौशल्य. वायरीची ओढ बोल्ट आवळण्याच्या दिशेनेच पडली पाहिजे, हे ज्ञान. उलटी पडली तर वायर दिसायला छान, कामाला शून्य. तिसरी गोष्ट कोपऱ्यात दडलेली असते: टॉर्क (आवळण्याचा ठरलेला पिळाचा जोर) पूर्ण झाला, पण बोल्टच्या डोक्यातलं भोक वायरीला सोयीचं येत नाही. तिथे 'एवढंसं' जास्त आवळून भोक जुळवण्याचा मोह होतो. तसं न करता बोल्ट किंवा वॉशर बदलून पुन्हा टॉर्क देणारा माणूस, तो कॉम्पिटंट. तपासनीसाने नेमकं हेच बघायचं. झालेली वायर बघून ते कळत नाही, काम चालू असताना शेजारी उभं राहावं लागतं.

शब्दकोडं: 'सक्षमता' माझ्या मते सर्वांत जवळची, पण एक खडा आहे. शासकीय मराठीत 'सक्षम प्राधिकारी' म्हणजे कायद्याने अधिकार असलेला. त्याला काम येतं की नाही याच्याशी शब्दाला देणंघेणं नाही. नियमावलीच्या अनुवादात दोन्ही अर्थ शेजारीशेजारी येतील. म्हणून 'कार्यसक्षमता' सुचवतो. 'कार्यक्षमता' मात्र चुकूनही नको, ती इंजिनाची एफिशियन्सी. तुमचा 'क्षमताधिष्ठित' शाळेच्या अभ्यासक्रमामुळे रुळलेला आहे, हे मान्य. पण तिथे टाक्या आणि जॅक नसतात.

पक्कड: 'कार्यसक्षमता' चालेल. 'ठरलेल्या परिस्थितीत' हे शब्द मात्र अनुवादात गाळू नका. टॉर्क रेंचला (ठरलेल्या टॉर्कवर लावता येणारा पाना) पुढे क्रोफूट, म्हणजे अडचणीच्या जागी पोचणारा जोडतुकडा, लावला की लांबी वाढते. रेंच २५० मिमी, क्रोफूटची भर ५० मिमी, बोल्टवर टॉर्क हवा ३० न्यूटन-मीटर. तर रेंच लावायचा २५ वर (३० × २५० ÷ ३००). ३० वरच ठेवला तर बोल्टवर ३६ पडतो. आता जागा अडचणीची म्हणून क्रोफूट काटकोनात लावला, तर ही दुरुस्ती करायचीच नसते. सूत्र पाठ असलेला तिथेही २५ लावतो आणि बोल्ट सैल सोडतो. लेखी परीक्षेत त्याला पूर्ण गुण मिळाले असते!

अनुवादिनी: म्हणजे 'कार्यसक्षमताधिष्ठित प्रशिक्षण'? एका दमात वाचता येत नाही.

शब्दकोडं: 'अधिष्ठित' काढा. 'कार्यसक्षमतेवर आधारित प्रशिक्षण' लिहा.

रात्रपाळी: 'असेसमेंट'ला 'मूल्यमापन' ठीक, 'परीक्षा' नको, हे एकदा बसून देण्याचं नाही, वेगवेगळ्या कामांवर, वेगवेगळ्या दिवशी पुरावा गोळा करायचा असतो. 'ऑब्झर्व्हेबल बिहेविअर'ला 'निरीक्षणक्षम वर्तन' हा शब्द मी लिहिणार नाही, पुन्हा 'क्षम' घुसलं. 'दिसून येणारं वर्तन' पुरे. त्याखालची वाक्यंही तपासता येतील अशी हवीत. 'सुरक्षिततेची जाणीव आहे' हे वर्तन नव्हे. 'पॅनेल बंद करण्यापूर्वी हत्यारं मोजतो, एक कमी भरलं तर काम थांबवून कळवतो' हे वर्तन.

अनुवादिनी: शेवटचं. 'ॲटिट्यूड'ला सगळीकडे 'वृत्ती' करू ना?

पक्कड: माणसाच्या बाबतीत करा. शोधा-आणि-बदला मात्र चालवू नका. कॉकपिटमधल्या ॲटिट्यूड इंडिकेटरचा 'वृत्तिदर्शक' होईल. तो विमानाचं नाक क्षितिजाच्या वर की खाली आणि पंख किती कललेत ते दाखवतो. तिथे 'ॲटिट्यूड'च राहू द्या.