मदत हवी आहे: पोकेमॉन एमराल्ड या व्हिडिओ गेममधील लॉटरीचा आकडा बदलत नाही

गेममधील लिलीकोव्ह शहराच्या डिपार्टमेंट स्टोअरमधील लॉटरीचा आकडा रोज बदलायला हवा. मात्र कार्ट्रिजमधील घड्याळ चालवणारी बॅटरी संपल्याचा संदेश येऊ लागल्यापासून तो गोठला आहे. आपल्याकडील एखाद्या पोकेमॉनच्या आयडी क्रमांकाशी पाचही अंक जुळल्यास मास्टर बॉल (कोणताही जंगली पोकेमॉन हमखास पकडणारा चेंडू) मिळतो, म्हणून मित्रांशी अदलाबदल करून वेगवेगळ्या आयडींचे पोकेमॉन मी बॉक्समध्ये साठवले आहेत, परंतु आकडाच हलत नसेल तर त्यांचा उपयोग शून्य. कार्ट्रिज अस्सल आहे, सेव्ह (गेमची जतन केलेली प्रगती) बॅटरीवर नव्हे तर फ्लॅश मेमरीत असल्याने त्याची चिंता नाही, आणि चीट वापरायचे नाहीत. पुण्याच्या तपकीर गल्लीत त्यासाठीचा सीआर१६१६ सेल मिळाला, पण त्याला डाग देण्यासाठीच्या (सोल्डरिंगच्या) धातूच्या पट्ट्या नाहीत. पुण्यात असे बारीक काम कोण करते, आणि नवी बॅटरी बसवल्यावर आकडा लगेच बदलू लागतो, की घड्याळ जुन्या तारखेपुढे जाईपर्यंत थांबावे लागते?