लोणारचा रंग शेवाळाचा नव्हता
कुणीतरी लिहिलंय की जून २०२० मध्ये लोणार सरोवर गुलाबी झालं ते शेवाळामुळे. सुरुवातीला बऱ्याच जणांना तसंच वाटलं होतं. पण पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासलं तेव्हा त्यात हॅलोआर्किया सापडले. खाऱ्या पाण्यातच वाढणारे हे सूक्ष्मजीव. पाणी आटलं, खारटपणा वाढला आणि त्यांचं फावलं. प्रखर उन्हापासून बचाव करणारं गुलाबी रंगद्रव्य ते स्वतःच तयार करतात. मला सगळ्यात भावलं ते हे, की नमुना स्थिर ठेवल्यावर जीव तळाशी बसले आणि वरचं पाणी नितळ झालं! म्हणजे रंग पाण्यात विरघळलेला नव्हताच. गुलाबी रंगासाठीच प्रसिद्ध असलेल्या ऑस्ट्रेलियातल्या हिलियर तळ्यात मात्र ड्युनालिएला हे शेवाळही आढळतं.