मदत हवी आहे : आटे आणि बंद बोअर असलेल्या जॉबला कोणतं निकेल कोटिंग करावं?

नमस्कार मंडळी,

मी छोट्या हायड्रॉलिक व्हॉल्व्हच्या बॉडी बनवतो. मटेरियल मध्यम कार्बनचं स्टील, बाहेर एम १२ चे आटे, आत एका बाजूने बंद असलेलं ८ मिमीचं बोअर. सध्या करंटवरचं नेहमीचं निकेल प्लेटिंग करून घेतो, ड्रॉइंगवर २० मायक्रॉन. बाहेरून जॉब चकचकीत दिसतो. पण मधोमध कापून पाहिला तर कडांवर ३० च्या वर थर आणि बोअरच्या तळाशी जवळजवळ काहीच नाही. गंज तिथूनच धरतो, आधी टाचणीच्या टोकाएवढे तपकिरी ठिपके. वर आट्यांवर गो गेजही (आटे मापात आहेत का ते तपासायचं गेज) चढत नाही.

प्लेटिंगवाले इलेक्ट्रोलेस सुचवतात. करंट नाही, रासायनिक क्रियेनेच थर बसतो, त्यामुळे आतबाहेर सारखा. हे पटतंय. पण बोअरमध्ये पिस्टन सरकतो, म्हणजे झीजही सोसली पाहिजे. या थरात निकेलबरोबर फॉस्फरसही असतो, तो किती ठेवू? नंतर तापवून घेऊ का? ऑर्डर मोठी आहे, कृपया अनुभवी लोकांनी सांगावं.

प्रतिसाद १
आधी गेजचं बघा. ६० अंशांच्या आट्यांवर थराच्या चौपट पिच व्यास (आट्याचा माथा आणि तळ यांच्या मधल्या जागी मोजलेला व्यास) वाढतो. २० मायक्रॉन थर म्हणजे ८० मायक्रॉन वाढ. इलेक्ट्रोलेस केलं तरी हे टळत नाही, आटे पाडतानाच तेवढी जागा सोडा.

१० टक्क्यांच्या वर फॉस्फरस असलेला थर गंजाला सगळ्यात चांगला टिकतो. ४०० अंश सेल्सिअसला तासभर तापवलात तर कडकपणा साधारण ५०० विकर्सवरून ९०० च्या आसपास जातो, पण थराला बारीक तडे पडू शकतात. आणि निकेल जस्तासारखं स्वतः झिजून लोखंड वाचवत नाही. तडा गेला की खालचं लोखंड उलट लवकर गंजतं. त्यामुळे पिस्टनवर भार कमी असेल आणि तेल कायम असेल तर न तापवता हाय फॉस्फरसच घ्या. भार जास्त असेल तर मात्र तापवण्याचा विचार करावाच लागेल.

प्रतिसाद २
वरच्याशी सहमत. एक राहिलं, या प्रक्रियेत हायड्रोजनचे बुडबुडे निघतात. बंद बोअरमध्ये ते अडकले तर तिथे थर बसतच नाही. जॉब टांगताना बोअरचं तोंड वर ठेवायला आणि बाथमध्ये (प्लेटिंगच्या द्रावणात) अधूनमधून हलवायला सांगा.

धागाकर्ता
दोघांचेही मनापासून आभार. भार हलका आहे, तेलही कायम असतं, तेव्हा हाय फॉस्फरसच करतो. पहिल्या लॉटमधला एक जॉब कापून तळाचा थर मोजतो आणि आकडे इथेच टाकतो.